दीर्घकाळ चालणाऱ्या चरित्रात्मक नभोमालिकेची पडद्यामागची बाजू: गोमंतकीय चरित्रांसाठी मार्गदर्शन हवे

खांडेपार (प्रश्नकर्ता)

फोंडा तालुक्यातील एका वाचनालयाशी संबंधित असलेल्या आम्हा काही मंडळींनी गोमंतकीय व्यक्तींच्या जीवनावर मराठीतून श्राव्य मालिका करण्याचे ठरवले आहे. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा एक भाग आणि एका भागात एक व्यक्ती, असा आराखडा असून मालिका काही वर्षे चालावी अशी इच्छा आहे. पहिल्या यादीत दीनानाथ मंगेशकर, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, धर्मानंद कोसंबी आणि त्यांचे पुत्र दामोदर, त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, बा. भ. बोरकर, खाप्रुमामा पर्वतकर आणि जितेंद्र अभिषेकी ही नावे आहेत.

नावांची टंचाई नाही. अडचण कामाच्या पद्धतीची आहे. जयंती-पुण्यतिथीच्या निमित्ताने होणारे बहुतेक चरित्रात्मक कार्यक्रम ऐकताना आपण एखाद्या सभागृहात सत्काराचे भाषण ऐकत बसलो आहोत असे वाटते, आणि असे तीन-चार भाग ओळीने ऐकल्यावर श्रोता पाचव्याकडे फिरकत नाही. ज्या मालिका खरोखर दीर्घकाळ चालल्या, त्यांचे आठवड्याचे काम पडद्यामागे कसे चालत असे, संहिता कोण आणि कशी लिहीत असे, कुटुंबीयांचे सहकार्य घेताना त्यांच्या दबावापासून दूर कसे राहावे आणि जुनी ध्वनिमुद्रणे वापरण्याबाबत कायदा काय सांगतो, याविषयी जाणकारांनी लिहावे, ही विनंती.

आल्तिनो

पणजी आकाशवाणीवर मी बरीच वर्षे नैमित्तिक साहाय्यक म्हणून रूपकांचे (माहितीपर कार्यक्रमांचे) आणि श्रुतिकांचे (नभोनाट्यांचे) काम केले असल्यामुळे कामाच्या पद्धतीविषयी सविस्तर लिहितो.

पहिला निर्णय भाग कसा करायचा हा नसून मालिका कोठे थांबणार हा असतो. मराठीत एका जीवनकथेवर उभी राहिलेली सर्वांत गाजलेली नभोमालिका म्हणजे पुणे आकाशवाणीचे ‘गीतरामायण’. १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला ते सुरू झाले आणि १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीला संपले. त्या वर्षी अधिक मास आल्यामुळे बावन्नऐवजी छप्पन्न गीते झाली, परंतु शेवट कोठे आहे हे गदिमांना, सुधीर फडक्यांना आणि केंद्रावरच्या सीताकांत लाडांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. दर आठवड्याला नवे गीत, नवी चाल आणि बहुतेक वेळा नवा गायक, एवढे ओझे वर्षभर पेलता आले, याचे एक कारण ही ठरलेली मर्यादा होती असे माझे मत आहे. याउलट बीबीसी रेडिओ ४ वरील ‘ग्रेट लाइव्ह्ज’ ही चरित्रमालिका २००१ पासून चालू आहे, पण ती बाराही महिने सलग चालत नाही; काही आठवड्यांचे एक सत्र होते, मग खंड पडतो आणि त्या अवधीत पुढच्या सत्राची तयारी होते. ‘दर आठवड्याला, काही वर्षे’ हा आपला संकल्प स्वयंसेवकांच्या बळावर पहिल्या पावसाळ्यातच थकेल. त्याऐवजी दहा भागांचे एक सत्र आखावे, आणि सत्रातील निदान सहा भाग पूर्ण होऊन हाती आल्याखेरीज पहिला भाग प्रसारित करू नये. केंद्रावर आम्ही या साठ्यालाच सर्वाधिक जपत असू. ठरलेला वक्ता आजारी पडतो, संहितालेखकाच्या घरी लग्न निघते, वीज जाते. साठा असला तर श्रोत्याला यातले काहीही कळत नाही.

आता संहितेविषयी. निवेदकाने घाई न करता वाचले तर मिनिटाला सुमारे एकशे दहा ते एकशे वीस मराठी शब्द होतात, म्हणजे अर्ध्या तासाला साडेतीन हजार शब्द लागतील असा नव्या लेखकाचा हिशेब असतो आणि तो तेवढे लिहूनही आणतो. प्रत्यक्षात निवेदनाने बारा-तेरा मिनिटांहून अधिक जागा घेता कामा नये. उरलेला वेळ मुलाखतींचे तुकडे, संगीत, पत्रांचे किंवा आत्मचरित्राचे वाचन आणि स्थळांचे आवाज यांचा असतो, त्यामुळे निवेदनाची संहिता चौदाशे-पंधराशे शब्दांत संपली पाहिजे. सनावळ्यांच्या बाबतीत तर मी फारच कंजूष आहे. वाचकाला मागचे पान उलटता येते, श्रोत्याला येत नाही. अर्ध्या तासात चार सने त्याच्या लक्षात राहिली तरी पुष्कळ झाले.

सत्काराच्या सुरापासून सुटका करून घेण्याचा मला ठाऊक असलेला उपाय असा की, जन्मापासून मृत्यूपर्यंत जायचेच नाही. प्रत्येक भागापुढे एक प्रश्न ठेवावा. केसरबाईंचेच उदाहरण घ्या. १९७७ मध्ये सोडलेल्या व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडीत त्यांची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी आहे, म्हणून त्यांच्यावरचा प्रत्येक कार्यक्रम अंतराळापासून सुरू होतो आणि तेथेच संपतो. ती गोष्ट खरी आणि विलक्षण आहे, पण तिच्यात केसरबाईंचे स्वतःचे कर्तृत्व असे काहीच नाही. निवड दुसऱ्यांनी केली आणि त्याच वर्षी १६ सप्टेंबरला त्यांचे निधन झाले. त्यापेक्षा लहानपणापासून निरनिराळ्या गुरूंकडे शिकलेल्या या गायिकेने १९२१ पासून अल्लादिया खाँसाहेबांकडे पुन्हा मुळापासून तालीम का घेतली आणि १९४६ मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत ती का चालू ठेवली, हा प्रश्न धरला तर घराणे, मेहनत, पैसा, मान, मुंबईतले आश्रयदाते असे सारे काही त्या एका प्रश्नामागून येते. धर्मानंद कोसंबींच्या बाबतीतही तसेच आहे. बुद्धाच्या शोधात पुणे, काशी, नेपाळ, सिंहलद्वीप असा प्रवास करणारा माणूस सर्वांना माहीत असतो. मागे साखवाळला पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी होती, हे एका वाक्यात उरकले जाते. भाग त्या वाक्यावर उभा करावा.

ध्वनिमुद्रणाविषयी थोडक्यात सांगतो. जून ते सप्टेंबर या काळात मंगळुरी कौलांच्या घरात मुलाखत घेण्याचा विचारही करू नये. इतर वेळी पंखा आणि शीतकपाट बंद करावे आणि मुलाखत संपल्यावर सर्वांनी गप्प बसून त्या खोलीची शांतता मिनिटभर मुद्रित करावी. वाक्ये कापून जोडताना मधल्या फटीत हीच शांतता भरावी लागते, कारण प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते आणि कान ते लगेच ओळखतो. आम्ही पाव इंची फीत ब्लेडने तिरकी कापून चिकटपट्टीने जोडत असू, तेव्हाही हे तुकडे वेगळ्या रिळावर जपून ठेवलेले असत; आता संगणक आला तरी गरज तीच आहे. मोगूबाईंच्या भागासाठी मे महिन्यात कुर्डीला अवश्य जावे. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेले ते गाव उन्हाळ्यात उघडे पडते, जुने रहिवासी देवळाजवळ जमतात, आणि ते आवाज कोणत्याही ध्वनिसंग्रहात विकत मिळत नाहीत.

जुनी पाने

आल्तिनो यांनी संहितेचे सांगितले, मी सामग्रीचे सांगतो, कारण गोव्यात चरित्र शोधताना येणाऱ्या अडचणी महाराष्ट्रातील संशोधकाला सहसा येत नाहीत.

नावांपासून सुरुवात करावी. पोर्तुगीज कागदपत्रांत कामत ‘कामोतीम’ होतात, शणै ‘सिनाय’ होतात, प्रभू आणि परब ‘पोरोबो’ या एकाच रूपात भेटतात. रोमन लिपीतील वर्णक्रमाने लावलेल्या सूचीत देवनागरी उच्चार मनात धरून शोधणारा माणूस रिकाम्या हाताने परत येतो. म्हणून प्रत्येक व्यक्तीसाठी आधी तिच्या नावाची, वडिलांच्या नावाची आणि गावाच्या नावाची सर्व संभाव्य लेखने एका कागदावर मांडावीत आणि तो कागद घेऊनच पणजीच्या पुराभिलेखागारात किंवा पाटो येथील कृष्णदास शामा ग्रंथालयात जावे. ख्रिस्ती व्यक्तींच्या बाबतीत चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदी उपयोगी पडतात. देवळांत गायन-नृत्याची सेवा करणाऱ्या कलावंतीण कुटुंबांत जन्मलेल्या स्त्री कलाकारांच्या बाबतीत मात्र जन्मतारखेसाठी बहुधा सांगोवांगीवर अवलंबून राहावे लागते. अशा वेळी दोन तारखा प्रचलित असतील तर निवेदनात तारीख टाळून वर्ष सांगावे. भाग जन्मदिनी प्रसारित करण्याच्या हौसेपोटी एक तारीख पक्की करून टाकू नये, कारण एकदा प्रसारित झालेली तारीख पुढे पन्नास लेखांत फिरते.

दुसरी गोष्ट वृत्तपत्रांची. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीत गोव्यातील वृत्तपत्रे छापण्यापूर्वी तपासली जात, त्यामुळे त्या काळातील अंकांत एखादी घटना सापडली नाही म्हणून ती घडलीच नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. कुन्हांचा भाग करताना हे विशेष जाणवेल. १९२८ मध्ये गोवा काँग्रेस कमिटी स्थापन करणाऱ्या, १९४६ मध्ये अटक होऊन लष्करी न्यायालयापुढे उभ्या राहिलेल्या आणि पुढे पोर्तुगालमधील पेनिशच्या किल्ल्यात कैद भोगलेल्या या माणसाविषयीचा मजकूर गोव्याबाहेर, विशेषतः मुंबईत छापलेल्या कागदांत अधिक मिळतो.

आपल्या यादीत एक जोडी सुचवतो: वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो. २५ नोव्हेंबर १९५५ पासून मुक्तीपर्यंत ‘गोव्याच्या स्वातंत्र्याचा आवाज’ हे भूमिगत नभोवाणी केंद्र त्यांनी चालवले, आधी आंबोलीच्या जंगलातून आणि नंतर कॅसलरॉकहून. पलीकडे १९४६ पासून पोर्तुगीज सरकारचे ‘एमिसोरा द गोवा’ होते. नभोवाणीवरच्या चरित्रमालिकेत नभोवाणी चालवणाऱ्यांचेच चरित्र नसावे, हे मला पटत नाही. बोरकर तर कवी म्हणून यादीत आहेतच, पण पुणे आणि पणजी या दोन्ही आकाशवाणी केंद्रांवर त्यांनी काम केले, हा धागाही सोडू नये.

आके-मडगाव

मी वकिली करतो, म्हणून केवळ कायद्यापुरते लिहितो. पुढील मजकूर सर्वसाधारण माहिती म्हणून घ्यावा. विशिष्ट ध्वनिमुद्रणाबाबत त्या कागदांसह सल्ला घेणे इष्ट.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यकृतीवरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो, आणि ही साठ वर्षे मृत्यूच्या पुढील कॅलेंडर वर्षापासून मोजली जातात. धर्मानंद १९४७ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या ‘निवेदन’ या आत्मचरित्रातील उतारे आपण निर्धास्तपणे वाचू शकता. बोरकरांचे निधन १९८४ चे असल्यामुळे त्यांच्या कविता २०४४ च्या अखेरपर्यंत संरक्षित आहेत आणि संपूर्ण कविता वाचायची असेल तर वारसांची लेखी परवानगी लागेल. समीक्षेच्या ओघात काही ओळी उद्धृत करणे ही निराळी गोष्ट. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. १९४२ मध्ये निवर्तलेल्या दीनानाथांच्या हयातीत निघालेल्या मूळ तबकड्यांवरील ध्वनिमुद्रणाचा हक्क त्यामुळे केव्हाच संपला आहे. मात्र त्यातील पदाच्या रचनाकाराचा आणि संगीतकाराचा हक्क स्वतंत्र असतो. तो प्रत्येक पदागणिक तपासावा. अभिषेकीबुवांच्या चाली या हिशेबाने अजून कित्येक वर्षे संरक्षित राहतील.

पत्रांच्या बाबतीत लोकांची हमखास फसगत होते. पत्र ज्याच्या कपाटात आहे तो त्या कागदाचा मालक असतो; मजकुरावरील हक्क पत्र लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात त्याच्या वारसांचा असतो. तेव्हा एखाद्या सद्गृहस्थांनी ‘माझ्याकडे बोरकरांची पत्रे आहेत, खुशाल वाचा’ असे म्हटले, तरी त्यांची परवानगी पुरेशी नाही.

बदनामीचा प्रश्न मृत व्यक्तीच्या बाबतीतही उद्भवू शकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ च्या पहिल्या स्पष्टीकरणानुसार, मृत व्यक्ती हयात असती तर तिच्या लौकिकाला बाधा आली असती असा आणि कुटुंबीयांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेला आरोप बदनामी ठरू शकतो. यातील हेतूचा भाग महत्त्वाचा आहे. १९९४ च्या राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक नोंदींवर आधारित लेखनाला व्यक्तीच्या संमतीची गरज नसल्याचे स्पष्ट केले आहे. म्हणून प्रत्येक नाजूक विधानासमोर त्याचा लेखी आधार संहितेच्या समासात नोंदवून ठेवावा. श्रोत्याला तो ऐकू येणार नाही, पण नोटीस आली तर आपल्याला लागेल. मुलाखत देणाऱ्याकडून ध्वनिमुद्रण सुरू होण्यापूर्वीच संमतिपत्र घ्यावे. नंतर मागितले की घरातील एखादा पुतण्या अटी घालू लागतो.

केपेकर

वरच्या चर्चेला जोडून दोनच गोष्टी लिहितो. ‘ग्रेट लाइव्ह्ज’ची खरी युक्ती आल्तिनो यांनी सांगितली नाही. तेथे ज्याच्यावर बोलायचे ती व्यक्ती निर्माता ठरवत नाही. आमंत्रित पाहुणा स्वतःला भावलेले चरित्र निवडून येतो, त्याच्या शेजारी त्या विषयाचा जाणकार बसतो आणि २००६ पासून सूत्रसंचालन करणारे मॅथ्यू पॅरिस पाहुण्याच्या प्रेमाला सतत धक्के देत राहतात. यामुळे स्तुती करण्याचे काम पाहुण्याकडे जाते आणि शंका घेण्याचे काम कार्यक्रमाकडे राहते. खाप्रुमामांवर तुम्ही स्वतः अर्धा तास बोलण्याऐवजी आजच्या एखाद्या तबलावादकाला त्यांची निवड करू द्या आणि दोन्ही हातांनी, पायांनी निरनिराळे ताल धरण्याच्या ज्या कथा सांगितल्या जातात त्यांतील संगीत किती आणि चमत्कृती किती, असे त्यालाच विचारा.

दुसरे, प्रायोजक घेणार असाल तर विचार करून घ्या. अमेरिकेत १९३५ पासून १९५३ पर्यंत नभोवाणीवर चाललेली ‘कॅव्हलकेड ऑफ अमेरिका’ ही थोरांच्या कथा सांगणारी मालिका ड्यूपॉन्ट कंपनीची होती. पहिल्या महायुद्धातील दारूगोळ्याच्या व्यवहारामुळे मलिन झालेली प्रतिमा उजळणे हा तिचा उद्देश होता. मालिका चांगली होती, पण कोणाचे चरित्र घ्यावे यावर पैसे देणाऱ्याची सावली पडणारच. गोव्यात खाणमालक आणि बांधकाम व्यावसायिक दोघेही संस्कृतीवर फार प्रेम करतात, एवढेच लिहून थांबतो.

खांडेपार (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सत्रांची कल्पना आणि साठ्याचा नियम आम्ही मान्य केला आहे, आणि पाहुण्याने चरित्र निवडण्याची पद्धत काही भागांपुरती वापरून पाहू. एक प्रश्न मात्र उरतो आणि तो आमच्या यादीला सरळ भिडणारा आहे. ज्या कलाकारांचा जन्म कलावंतीण परंपरेतील घरांत झाला, त्यांच्या काही नातेवाइकांना तो उल्लेख नको असतो, तर काहींना तो अभिमानाने हवा असतो. आम्ही कोणती भूमिका घ्यावी? तसेच, प्रसारणापूर्वी संपूर्ण भाग कुटुंबाला ऐकवावा का?

जुनी पाने

उल्लेख गाळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गोव्यातील गाण्याचा इतिहास देवळांतील सेवेपासून वेगळा काढता येत नाही, आणि तो वेगळा काढला तर या बायकांनी काय ओलांडले हेच श्रोत्याला कळणार नाही. मोगूबाईंच्या आईने मुलीला घेऊन नाटकमंडळीत का जावे, याचे उत्तरच मिळणार नाही. परंतु उल्लेख कोणाच्या शब्दांत करायचा, हे ठरवणे आपल्या हाती असते. या समाजाने आपली बाजू स्वतः मांडलेली आहे: गोमंतक मराठा समाजाची चळवळ आहे, राजाराम पैंगीणकरांचे ‘मी कोण?’ हे आत्मचरित्र आहे. निवेदकाने हळव्या किंवा सूचक सुरात काही सांगण्यापेक्षा त्या लेखनातील शब्द त्याच समाजातील व्यक्तीच्या आवाजात वाचून घ्यावेत. एक भाग स्वतंत्रपणे पैंगीणकरांवर करून तो सत्रात केसरबाई आणि मोगूबाई यांच्या आधी ठेवला, तर पुढच्या दोन भागांत स्पष्टीकरण देत बसावे लागणार नाही.

आल्तिनो

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. संपूर्ण भाग ऐकवू नये. एकदा ऐकवला की तो त्यांनी मंजूर केलेला भाग होतो आणि पुढच्या प्रत्येक कुटुंबाला तोच हक्क द्यावा लागतो. मुलाखत देणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या बोलण्यातून निवडलेले तुकडे, मागेपुढे काय येते हे सांगून, ऐकवावेत; त्यात माहितीची चूक असेल तर ती दुरुस्त करावी आणि मत बदलले असेल तर नव्याने मुद्रित करावे. संहितेतील सने, नाती आणि गावे यांची वेगळी यादी करून ती कुटुंबाला तपासण्यासाठी पाठवावी; एवढ्याने बहुतेकांचे समाधान होते, कारण आत्याचे नाव चुकीचे गेले ही तक्रार टीकेपेक्षा अधिक वेळा येते. शिवाय न कापलेली मूळ मुलाखत तीन प्रतींत जपावी आणि त्यांतील एक प्रत आपल्या वाचनालयात नव्हे, तर दुसऱ्या इमारतीत ठेवावी. बीबीसीवर १९४२ पासून चालत आलेल्या ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’सारख्या कार्यक्रमाचीही सुरुवातीच्या दशकांतील बहुसंख्य ध्वनिमुद्रणे जपली गेली नाहीत, आपल्याकडे तर फिती महाग म्हणून पुसून पुन्हा वापरल्या जात. तुम्ही अर्ध्या तासात वापराल ती मुलाखतीतली पाच मिनिटे असतील. उरलेल्या दीड तासासाठी पुढे कोणीतरी नक्की येईल, तेव्हा फाइलच्या नावात व्यक्ती, गाव आणि मुद्रणाची तारीख आजपासूनच लिहायला लागा.